म्हाळू बोलायला शिकतो

कोंडेगावात म्हाळू नावाचा एक भोळा गडी राहत होता. अंगानं दांडगा, कामाला वाघ. डोकं मात्र सरळ होतं. शब्द कानातून आत शिरला की कुठं न वळता थेट जाऊन बसायचा.

एकदा आई म्हणाली, "दूध उतू जातंय का बघ." म्हाळू चुलीपुढं बसला. दूध वर आलं. दूध बाहेर आलं. चूल विझली. आई धावत आली.

"अरे, बघ म्हटलं होतं ना?"

"बघितलं की. शेवटपर्यंत बघितलं."

असा म्हाळू. गाव त्याला हसायचं. हसायची नाही ती एकटी त्याची बायको, सारजा. म्हाळूला तेवढं पुरत होतं.

एकदा सारजाच्या माहेरी सत्यनारायणाची पूजा निघाली. दोघं गेली. सासरा दौलूअण्णा. शेत, बैल, स्वतःचं गुऱ्हाळ, मिशी, सगळं भरपूर. घरात पाहुणे मावेनात. बायकांना हळदीकुंकू लावणं चाललं होतं. लावता लावता करंडा रिकामा झाला. म्हाळू शेजारीच बसला होता. त्यानं करंड्यात डोकावलं आणि सासूला हाक मारली. माजघरापासून अंगणापर्यंत ऐकू गेली.

"मामी, तुमचं कुंकू संपलं!"

आता बाईचं कुंकू संपलं म्हणजे काय, हे लहान पोरालाही कळतं. सासूबाई खांबाला टेकल्या. बायकांचे हात जागच्या जागी राहिले. सारजाच्या एका म्हाताऱ्या चुलतीला कमी दिसायचं. तिनं कोण गेलं ते विचारलं नाही, आधी रडून घेतलं.

दौलूअण्णांच्या तोंडात प्रसादाचा शिरा होता. तो त्यांनी कसाबसा गिळला.

"मी इथं बसलोय! जिता आहे! शिरा खातोय!"

"मामा, तुमचं नाही हो," म्हाळू समजुतीनं म्हणाला. "मामींचं संपलं."

दौलूअण्णा उठले. त्यांनी कोपऱ्यातलं सारजाचं गाठोडं उचलून आपल्याकडं घेतलं.

"पोरगी इथंच राहील. महिन्यानं माझं गुऱ्हाळ लागतंय. पहिल्या दिवशी दुपारी या. दिवस मावळेपर्यंत चार माणसांत नीट बोलून दाखवा. जमलं तर सारजाला घेऊन जा. चुकलात तर काडीमोड."

सारजा दाराआडून बघत होती. डोळे भरलेले होते. म्हाळू एकटाच घरी आला.

महिनाभर म्हाळूनं धड खाल्लं नाही. नांगर धरायचा आणि बांधापाशी वळायचंच विसरायचा. बैल शेजाऱ्याच्या शेतात शिरायचे. शेवटी गुऱ्हाळाचा दिवस उजाडला. आईनं त्याला समोर बसवलं.

"म्हाळू, नीट ऐक. माणूस बघावा, मग शब्द काढावा. ज्याची जी बोली, त्याच्याशी ती बोलावी. कळलं?"

"कळलं. पण कुठली बोली कुणाची, ते कोण सांगणार?"

"ज्याची त्याला विचार. वाटेत माणसं भेटतीलच. आणि संपलं, फुटलं, तुटलं असलं अभद्र बोलू नकोस. घरातले तांदूळ संपले तर आपण काय म्हणतो? वाढले म्हणतो. बांगडी फुटली तर? वाढवली म्हणतो. तसं वाढलं म्हणावं."

"वाढलं," म्हाळू म्हणाला.

"आता कसं शहाण्यासारखं बोललास."

म्हाळू उजाडता उजाडता निघाला. तोंडानं चालू होतं, वाढलं, वाढलं, वाढलं.

कोसभर गेल्यावर रखमाजी कुंभाराचं घर लागलं. आव्यातून भाजून नुकतीच काढलेली मडकी अंगणात मांडली होती. रखमाजीला विहिरीवर जायचं होतं.

"काय म्हाळबा, जरा बसता का? एवढी मडकी सांभाळा. घागर भरून आणतो."

म्हाळू बसला. तेवढ्यात एक म्हैस अंगणात शिरली. म्हशीला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ती या टोकाकडून त्या टोकाला गेली. तिथं कडबा मिळाला नाही म्हणून पुन्हा परत आली. म्हाळू उठून हाकलीपर्यंत व्हायचं ते झालं होतं.

म्हाळू विहिरीवर धावला. पळता पळता आईचं बोलणं आठवलं. अभद्र बोलायचं नाही.

"रखमाजी, मडकी वाढली!"

रखमाजीनं घागर खाली ठेवली. "काय म्हणता?"

"वाढली. सगळी."

"अहो, चाळीस होती."

"मघाशी चाळीस होती. आता मोजता येत नाहीत."

रखमाजीचा चेहरा फुलला. सात पिढ्या त्याच्या घरात चाक फिरत होतं, पण असं कधी झालं नव्हतं. तिथूनच त्यानं बायकोला हाक दिली, "अगं, ऐकलंस का! मडकी वाढली! चाकाला हळदकुंकू लाव! गूळ काढ!" बायको गूळ घेऊन बाहेर आली. अंगणात आली. गूळ तिच्या हातातच राहिला.

कुंभाराकडं मडकं ठोकायला लाकडी चोपणं असतं. त्या दिवशी ते म्हाळूच्या पाठीवर चाललं.

"अरे शहाण्या, याला वाढली म्हणतात?"

"आई म्हणाली..."

"आई बांगडीचं म्हणाली असेल! कुंभाराशी कुंभाराची बोली बोलावी. मडकं दिसलं की टिचकी मारावी. खणखणीत वाजलं तर पक्कं म्हणावं. बद्द वाजलं तर कच्चं म्हणावं. चीर दिसली तर तडा गेला म्हणावं. तोंडावर सांगावं. झाकून ठेवू नये."

"टिचकी मारावी. पक्कं, कच्चं, तडा. तोंडावर सांगावं," म्हाळूनं घोकलं. पाठ चोळत तो पुढं निघाला. टिचकी, पक्कं, कच्चं, तडा.

पुढं चिंचेच्या झाडाखाली बैलांचा बाजार भरला होता. गणोजी नावाचा बैलांचा व्यापारी पागोटं काढून मांडी घालून बसला होता. गिऱ्हाईक समोर होतं. सौदा तोंडाशी आला होता. आणि गणोजीच्या डोक्यावर एक केस नव्हता. उन्हात ते डोकं असं चकाकत होतं की जणू आत्ताच आव्यातून निघालं आहे.

म्हाळू थांबला. त्यानं डोक्याकडं नीट बघितलं. मग मागून जाऊन टिचकी मारली. कान लावून ऐकलं.

"बद्द," म्हाळू म्हणाला. "कच्चं आहे."

गणोजी हबकला. म्हाळूनं दुसऱ्या बाजूनं वाजवून पाहिलं. मग मानेजवळ वाकून बघितलं. तिथं जुनी खोक होती.

"आणि मागं तडा गेलाय. यात पाणी राहणार नाही."

गिऱ्हाईक जे हसत सुटलं ते बैल न घेताच गेलं. गणोजीनं म्हाळूचा कान धरला.

"कुठला रे तू?"

"कोंडेगावचा. बायकोला आणायला निघालोय. बोली शिकतोय."

"बाजारात बाजाराची बोली बोलावी! ही काय मडक्यांची रांग आहे? इथं आधी तोंड उघडून दात बघतात. दात आले नसतील तर आदत म्हणावं, म्हणजे कोवळं. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती. मग पाठीवर थाप मारावी. म्हणावं, कामाला चांगला, मारका नाही. आणि जोडीची चौकशी करावी. एकटा बैल कोण घेतो?"

"दात बघावे. थाप मारावी. जोडीची चौकशी करावी."

"हां. आणि पुन्हा माझ्या डोक्याला हात लावलास तर तुझे दात मी मोजीन."

म्हाळूला वाटलं, हा माणूस फार चांगला. आपले दात मोजायचीही तयारी आहे. तो घोकत पुढं निघाला. दात, थाप, जोडी. दात, थाप, जोडी.

ऊन चढलं. पुढच्या गावात एका घरापुढं चपला फार दिसल्या. मुलीकडची मंडळी मुलाचं घर बघायला आली होती. म्हाळू पाणी मागायला पडवीत गेला. मुलीच्या मामाला वाटलं, हा शेजारचा असणार. त्यानं म्हाळूला बाजूला घेतलं.

"पाव्हणं, खरं सांगा. मुलगा कसा आहे?"

म्हाळू पुढं झाला. मुलगा पाटावर बसला होता. म्हाळूनं त्याची हनुवटी धरली, तोंड उघडलं, आत बघितलं. पाठीवर थाप मारली. मुलगा पाटासकट पुढं सरकला.

"दात सगळे आहेत," म्हाळू म्हणाला. "कामाला चांगला. मारका नाही."

मुलीचा मामा खूश झाला. "बघा! आम्हाला एवढंच विचारायचं होतं, पण विचारायचं कसं?"

मुलाकडचेही खूश झाले. म्हाळूला चहा मिळाला, पोहे मिळाले. त्याला वाटलं, आपल्याला बोलता यायला लागलं. आता सारजा काही लांब नाही. त्या भरात तो मुलाच्या आजीकडं वळला. आजी भिंतीला टेकून बसली होती. ती हसली. तोंडात एकही दात नव्हता.

"आजी तर आदत आहे," म्हाळू म्हणाला. "कोवळी आहे. इतक्यात कामाला जुंपू नका."

सगळं घर हसलं. आजी सगळ्यांत जास्त हसली. तिथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण जोडीची चौकशी राहिली होती.

"पण एकटीच दिसते," म्हाळू म्हणाला. "जोडीतला दुसरा मेला काय?"

हसणं थांबलं. आजीनं काठी उचलली. दात नसले तरी हात शाबूत होते.

"मेला म्हणतोस? माझ्या मालकाला मेला म्हणतोस? ही माणसाशी बोलायची रीत झाली?"

"मग काय म्हणू, आजी?" म्हाळू काठीच्या पल्ल्याबाहेर जाऊन म्हणाला. त्यानं खरंच विचारलं होतं. आजीला ते कळलं. तिनं काठी खाली घेतली.

"बस इथं. थोर माणसाविषयी बोलताना आधी हात जोडावे. मान खाली घालावी. आवाज बारीक करावा. आणि म्हणावं, देवाघरी गेले. झालं. पुढं कुणी विचारलं तर जेवढं विचारलं तेवढंच सांगावं. जे पाहिलं तेच सांगावं. पदरचं घालू नये."

"हात जोडावे. मान खाली. देवाघरी गेले. विचारलं तेवढंच," म्हाळू म्हणाला. त्यानं दोनदा करूनही दाखवलं. आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं छान तर तिच्या स्वतःच्या मुलांनाही म्हणता आलं नव्हतं.

दुपारी म्हाळू सासऱ्याच्या गुऱ्हाळावर पोचला. उसाचा रस काहिलीत उकळत होता. काहील म्हणजे चार माणसं आत बसून आंघोळ करतील एवढी कढई. खाली जाळ धडधडत होता. शिदू गुळव्या मोठा झारा घेऊन वरची मळी काढत होता. गूळ कधी झाला हे ठरवणारा तोच. दहा-बारा माणसं ऊस आणत होती, चिपाडं पसरत होती. सारजा रसाच्या पिंपाजवळ उभी होती. म्हाळू दिसताच तिनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते म्हाळूला कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही. बोलायची भीती होती.

दौलूअण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आलात?"

"हो."

"शिकलात बोलायला?"

"हो."

"बसा. दिवस मावळेपर्यंत बघतो."

म्हाळू बसला. कुणी विचारलं, रस गोड आहे का, तर म्हणाला, गोड आहे. कुणी विचारलं, गाव लांब आहे का, तर म्हणाला, आहे. कुणाच्या डोक्याला हात लावला नाही. कुणाचे दात बघितले नाहीत. शिदू गुळव्या दौलूअण्णांच्या कानाला लागला, "मालक, जावई तर सुधारला की!" दौलूअण्णांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांनाही तसंच वाटायला लागलं होतं.

सारजा पाण्याचा तांब्या घेऊन आली. हळूच म्हणाली, "बघा, झाडांच्या शेंड्यांवर ऊन आलं. आता थोडंच राहिलं. जपून हं."

"जपून," म्हाळू म्हणाला.

पहिला गूळ निघाला. सोन्यासारखा पिवळा. काहिलीत दुसरा रस पडला, जाळ पुन्हा पेटला. दौलूअण्णांनी पहिल्या गुळाचा एक खडा केळीच्या पानावर घेतला. पहिला गूळ गावच्या देवापुढं ठेवायची त्यांच्या घराण्याची रीत होती. देऊळ ओढ्यापलीकडं होतं. सारजा तोवर चिपाडं आणायला गेली होती, माणसं उसाच्या फडात होती, आणि शिदू पलीकडच्या बाजूला वाकून मळी काढत होता.

"जावईबापू, मी देवाकडं निघालो," दौलूअण्णा म्हणाले.

"मी चालू का संगं?"

"नको. तुमची इथं गरज आहे. जाळ फार होऊ देऊ नका."

एवढं बोलून दौलूअण्णा ओढ्याच्या वाटेला लागले.

थोड्या वेळानं सासूबाई डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन आल्या. पाटी उतरवली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. धनी दिसेना.

"जावईबापू, हे कुठं गेले?"

म्हाळू उभा राहिला. त्यानं विचार केला. घाई केली नाही. मामा म्हणजे थोर माणूस. देऊळ म्हणजे देवाचं घर. आणि थोर माणूस देवाच्या घरी गेला तर कसं सांगायचं, हे त्याला आजच शिकवलेलं होतं. त्यानं हात जोडले. मान खाली घातली. आवाज बारीक केला.

"मामा देवाघरी गेले."

सासूबाईंच्या हातातली भाकरी खाली पडली. "काय?"

"देवाघरी गेले."

"अहो, कधी?"

"आत्ताच. हातात गुळाचा खडा होता."

"सकाळी तर चांगले होते! कसे हो गेले?"

"चालत," म्हाळू म्हणाला. जेवढं विचारलं तेवढंच.

"चालता-बोलता गेले गं माझे धनी!" सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "जवळ कुणी होतं का?"

"नाही. एकटेच गेले. मी चालू का म्हटलं. तर म्हणाले, नको, तुमची इथं गरज आहे."

हे ऐकून ऊस घेऊन आलेली माणसंही रडायला लागली. मालक कडक होता, पण शेवटच्या घडीला जावयाला माफ करून गेला. केवढं मन!

"आणखी काय बोलले शेवटचं?"

"जाळ फार होऊ देऊ नका म्हणाले."

शिदू गुळव्यानं झारा काहिलीतच सोडला आणि जमिनीवर बसला. "काय माणूस! जाता जाता लक्ष गुळातच!" तो ढसाढसा रडू लागला. जाळ कोण बघणार? चिपाडं धडाधड पेटली. काहिलीतला रस फुगला, तांबडा झाला, काळा झाला. तिकडं कुणाचंही लक्ष नव्हतं. म्हाळूचं होतं. तो बघत होता.

सारजा धावत आली. वडील गेले ऐकून तिनं हंबरडा फोडला. म्हाळूनं तिला धरलं. तिच्याकडं बघून त्यालाही रडू आलं. ती का रडते हे त्याला ठाऊक नव्हतं, पण ती रडते एवढं त्याला पुरलं. मग गावातली माणसं आली. बांबू आले. नेणार कुणाला, हे रडण्याच्या भरात कुणी विचारलं नाही. म्हातारी चुलती आली, तिनं या खेपेलाही काही विचारलं नाही. बायकांनी सासूबाईंभोवती कोंडाळं केलं. एकजण त्यांच्या बांगड्यांकडं हात नेऊ लागली.

तेवढ्यात दौलूअण्णा ओढा ओलांडून वर आले. कपाळाला अंगारा होता, कानात फूल होतं. लांबूनच त्यांना गर्दी दिसली, बांबू दिसले, रडणं ऐकू आलं. ते गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याजवळ थांबले.

"कोण गेलं रे?"

म्हाताऱ्यानं डोळ्यांवरचं उपरणं काढलं नाही. "दौलूअण्णा."

"अरेरे!" दौलूअण्णांनी पागोटं काढून हातात घेतलं. "कुठला दौलूअण्णा?"

"हाच. गुऱ्हाळवाला. मिशीवाला."

दौलूअण्णांनी मिशीला हात लावला. मग त्यांनी अशी आरोळी ठोकली की बांबू धरलेल्या चौघांनी बांबू टाकले. दोघं ओढ्यात जाऊन पडले. सासूबाईंनी डोळे उघडले, धन्याला बघितलं, पुन्हा मिटले.

मग सगळा उलगडा झाला. व्हायला वेळ लागला, कारण म्हाळू अजूनही विचारलं तेवढंच सांगत होता.

"मी मेलो म्हणून सांगितलंत?"

"नाही, मामा. मेला म्हणायचं नसतं. देवाघरी गेले म्हटलं. तुम्ही गेलाच होता की."

दौलूअण्णांनी काहिलीत बघितलं. तळाशी डांबर झालं होतं. शिदूचा झारा त्यात उभा रुतला होता.

"संपलं!" दौलूअण्णा गरजले. "काडीमोड! आजच्या आज! सारजा, चल घरात. या माणसाचं तोंड मला पुन्हा दिसायला नको!"

म्हाळूला बोलायला जे जे शिकवलं होतं ते सगळं वापरून झालं होतं. तो सारजाकडं बघत उभा राहिला.

सारजा पुढं आली. डोळे पुसले.

"अण्णा, मी राहते इथं. तुमचा शब्द मोडणार नाही. पण एक विचारते. मी इथं राहिले तर हे मला भेटायला कुठं येतील?"

दौलूअण्णांनी हातातलं पागोटं डोक्यावर चढवलं.

"इथंच येतील ना?" सारजा म्हणाली. "दर आठवड्याला. दिवाळीला, पाडव्याला, संक्रांतीला. पाहुणे असले तरी येतील. गुऱ्हाळ चालू असलं तरी येतील. आणि यांना कुणी काही विचारलं तर हे सांगतील."

दौलूअण्णांनी काहिलीकडं बघितलं. बांबूंकडं बघितलं. ओढ्यातून वर चढणाऱ्या दोघांकडं बघितलं.

"गाठोडं बांध," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता ने याला."

सारजानं गाठोडं बांधलं. म्हाळूनं ते खांद्यावर घेतलं. त्याला इतका आनंद झाला होता की चालताना पाय जमिनीला नीट लागत नव्हते. एरवी तो कुणाला काही न सांगता उठून चालू लागायचा. पण आज त्याला वाटलं, निरोप घ्यावा. सासूबाईंपुढं तो वाकला.

"मामी, जातो."

सासूबाईंच्या अंगावर काटा आला. "आजच्या दिवशी तरी असं बोलू नका हो! जातो म्हणू नये. येतो म्हणावं."

"आज चालेल," दौलूअण्णा घाईनं म्हणाले. "जातो म्हणू दे. जा, जा."

"तुम्ही गप्प बसा. आत्ताच कुठं परत मिळालात." सासूबाई म्हाळूकडं वळल्या. "म्हणा, येतो."

"येतो," म्हाळू म्हणाला.

अगदी बरोबर म्हणाला. सगळ्यांना बरं वाटलं. दोघं निघाली. ओढ्यापर्यंत गेली. ओढ्याच्या काठावर म्हाळू थांबला. जरा उभा राहिला. मग वळला. सारजानं त्याची बाही धरली, पण म्हाळू अंगानं दांडगा. बाहीबरोबर सारजाही परत आली.

"काय राहिलं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. येतो म्हणालो होतो. आलो."

त्याला समजावून सांगितलं. चार जणांनी चार प्रकारे सांगितलं. म्हाळूनं मान डोलावली. पुन्हा वाकला, येतो म्हणाला, ओढ्यापर्यंत गेला आणि परत आला. दिलेला शब्द मोडणं त्याला माहीत नव्हतं. शिदू म्हणाला, काही न बोलता जाऊ द्या. पण सासूबाई ऐकेनात. अशा दिवशी बिनबोलता गेलेला माणूस त्यांना चालणार नव्हता. तिसऱ्यांदा म्हाळू आला तेव्हा दिवस मावळला होता. चुलतीनं त्याला ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आठ दिवसांत ओढ्यापर्यंत नवी पायवाट पडली. सारजा माहेरीच होती आणि नवराही जवळ होता. तिला काही म्हणायचं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी दौलूअण्णा गाठोडं काखेत मारून बाहेर पडले. पायांत नव्या वहाणा होत्या.

म्हाळू ओट्यावर बसला होता. "मामा, कुठं निघालात?"

"तुमच्या गावाला."

"कशाला?"

"तिथं तुम्ही नाही म्हणून." दौलूअण्णांनी वहाण आपटली. "जातो!"

म्हाळू लगबगीनं उठला, आडवा आला आणि त्यानं हात जोडले.

"मामा, जातो म्हणू नये. येतो म्हणावं. म्हटल्याशिवाय मी सोडायचा नाही."